अठ्ठेचाळीस तासांचा पास

इथे परदेशात, सेंगकांगमध्ये दहा वर्षं काढली की माणसाला एक वाईट खोड लागते. कार्ड टेकवलं की दार उघडणारच, असं आपण धरूनच चालतो. एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, बस, लायब्ररी, ऑफिसची लिफ्ट, सगळीकडे टिक वाजतं आणि आपण आत. दार कधी बंदही राहू शकतं, हे मी विसरूनच गेलो होतो.

आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिचा डावा डोळा गेलेला होता. पडद्याचा आजार. उजव्यालाही तेच सुरू झालं होतं. इथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना जे बघायचं असेल ते लवकर दाखवा. बाजूला घेतलं म्हणजे काय, ते आईला बरोबर कळलं. बाहेर आल्यावर एस्केलेटरवर माझा दंड धरून ती म्हणाली, "मला ते चित्र बघायचंय. बाकी काही नको."

ते चित्र म्हणजे कोणतं, हे आमच्या घरात सांगावं लागत नाही. आई पुण्यात महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिच्या वर्गात जुन्या कॅलेंडरचं एक पान फ्रेम करून लावलेलं होतं. नदीकाठी एक बाई कपडे धुतेय आणि मागे दोरीवर निळं कापड वाळतंय. तीस वर्षं ती मुलांना सांगत आली, "छपाईत हा निळा मेलाय रे. खरा वेगळा असणार." पोस्टर कलरच्या बाटल्या एकमेकींत ओतून तिने तो निळा किती वेळा करून बघितला, देव जाणे. खरं चित्र युरोपातल्या एका शहरात आहे. शहराचं नाव लिहीत नाही. त्या शहराची काही चूक नव्हती.

मी रजा टाकली, विमानाची तिकिटं काढली आणि मग माझ्या अंगात प्रोजेक्ट मॅनेजर शिरला. सिटी पास घेतला, अठ्ठेचाळीस तासांचा. ट्रॅम, बस, बोट आणि वीसेक म्युझियम्स. एक्सेलमध्ये तक्ता केला. बायको म्हणाली, "अरे, आईंना एकच चित्र बघायचंय. त्या एका म्युझियमचं ठरलेल्या वेळेचं तिकीट काढ आणि मोकळा हो."

"पासमध्ये आहे ना ते? मग वेगळं कशाला?"

तिने माझ्यापुढे हात जोडले. मुलीची शाळा होती म्हणून त्या दोघी इथेच राहिल्या.

शुक्रवारी दुपारी चार वाजता तिथल्या विमानतळावरच्या स्टेशनात मी ऐटीत पास टेकवला. टिक. घड्याळ तिथून सुरू झालं, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. शुक्रवार प्रवासाचा, शनिवार-रविवार आपले दोन दिवस, सोमवारी सकाळी परतीचं विमान. पासवर तास लिहिलेले होते आणि मी दिवस धरून बसलो होतो.

शनिवारी नाश्त्याला आई म्हणाली, "आधी तिथेच जाऊया ना."

"अगं, आवडीचं शेवटी. लहानपणी तूच नाही का सांगायचीस, आधी भाजी संपव, मग श्रीखंड?"

ती हसली. त्यापेक्षा माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

मग मी पास वसूल करायला लागलो. घड्याळांचं म्युझियम झालं. बोट झाली. जुन्या ट्रॅमचं म्युझियम झालं. आयुष्यात दारूचा वास न घेतलेल्या माझ्या आईला मी बिअरचं म्युझियम दाखवलं, कारण ते पासमध्ये होतं! अंधाऱ्या दालनांत तिला काही दिसायचं नाही. मी पाट्या वाचून दाखवायचो आणि ती "हं, छान" म्हणायची. दर दोन तासांनी हळूच विचारायची, "आता ते?"

"उद्या."

रविवारी आणखी दोन म्युझियम्स झाली, मग उलट्या दिशेची ट्रॅम पकडली. त्या दारापाशी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. आईने पर्समधून कंगवा काढून केस नीट केले. मी पास टेकवला. लाल दिवा. परत टेकवला. परत लाल.

दारावरची बाई म्हणाली, पास चार वाजता संपला. खिडकीवर गेलो, तर आजच्या सगळ्या वेळा भरलेल्या. उद्या सोमवार, म्हणजे बंद. माझं डोकं फिरलं. आवाज चढवला, आईच्या डोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरांचं पत्र मोबाईलवर दाखवलं. बाई वाईट नव्हती, तिने आत कुणाला तरी फोनही केला. मग मान हलवली.

"चल रे," आई म्हणाली. "मागे लोक खोळंबलेत."

दुकान दाराच्या अलीकडेच होतं. तिथे त्या चित्राचं पोस्टकार्ड होतं. आईने ते उजव्या डोळ्याला जवळजवळ चिकटवून खूप वेळ धरलं. "मेलेलाच आहे," ती म्हणाली आणि चाचपडत ते स्टँडवर परत ठेवलं.

दोन महिन्यांनी एका सकाळी आई चहा गाळत होती आणि चहा कपाबाहेर ओट्यावर पडत होता. "लाईट गेलेत का रे?" तिने विचारलं. साडेआठ वाजले होते. ओट्यावर ऊन आलं होतं.

पुढच्या वर्षी ऑफिसने मला नेमकं त्याच शहरात पाठवलं. या वेळी मी शहाण्यासारखं वेळेचं तिकीट काढलं, आत गेलो आणि आईसाठी म्हणून फोटो काढले. लांबून, जवळून, नुसत्या कापडाचे. चाळीस तरी असतील.

घरी आलो तेव्हा मुलगी टेबलाशी होमवर्क करत होती आणि आई सोफ्यावर बसून होती. बॅग ठेवायच्या आत तिने विचारलं, "बघितलंस?"

"हो."

"निळा कसा आहे?"

मी मोबाईल काढला आणि फोटो मोठा केला. मुलगी खांद्यावरून डोकावली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, इट्स जस्ट ब्लू, लाह."

"मोबाईल ठेव," आई म्हणाली. "त्यात छापलेलंच असणार. तू समोर उभा होतास ना? डोळे मीट आणि सांग."

मी डोळे मिटले. मला मोबाईलची चौकट आठवली. चित्रावरच्या काचेत खिडकीचा उजेड चमकत होता, तो फोटोत येऊ नये म्हणून मी सारखा सरकत होतो, ते आठवलं. निळा काही आठवेना. मला रडू फुटलं, पण आवाज होऊ दिला नाही.

"सांग ना," आई म्हणाली. माझ्या जरा डावीकडे, जिथे मी नव्हतो, तिथे बघत ती थांबली होती.