ब्रेकचं ऑइल

“ब्रेक सोताहून न्हाई वाजून राहिला आक्का, पोरीचा पाय भितोय.”

आपण हळू बोलतोय, असं समजून मामा बोलले असतील. पण लातूरच्या त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी अंगणातच उघडते. मी आत पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते आणि ते आईशी बोलत होते ते बरोबर खिडकीखाली, आमच्या गाडीपाशी.

“सारखं सारखं दाबलं की वरडणारच,” ते म्हणाले. “माघारी मी चालवतो. बसनं परत येईन.”

आई गाडीच्या काचेवरची धूळ पुसत राहिली. तिला पटलंय की नाही, हे अशा वेळी मला अजून ओळखता येत नाही.

नांदेडहून गाडी मी आणली होती. गावाबाहेर पहिल्यांदाच. लोहा, अहमदपूर, चाकूर, सगळं नीट मागे पडलं. लातुरात शिरल्यावर मात्र प्रत्येक चौकात पुढच्या चाकांतून किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. शेजारचा रिक्षावाला वळून माझ्याकडे बघायचा, मी सिग्नलकडे बघायचे. तेव्हा मला गाडीचाच दोष वाटला होता. आता खिडकीत उभी राहून वाटायला लागलं, खरंच माझ्या पायामुळे होत असेल का? मी बऱ्याच गोष्टी जरा जास्तच जपून करते. वर्गात हात अर्धाच वर करायचे.

ग्लास तिथेच ठेवून मी मोबाइलवर वाचायला लागले, अर्थात इंग्रजीत. ब्रेकच्या पॅडवर, म्हणजे चाकामागची चकती दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या तुकड्यांवर, धूळ बसली, गंज धरला, पॅड झिजले किंवा घासून गुळगुळीत झाले की आवाज येतो, असं होतं. भित्र्या पायाबद्दल कुठेच काही नव्हतं. पण एका ठिकाणी लिहिलं होतं की हलका ब्रेक सारखा दाबत राहिलं तरी पॅड गुळगुळीत होतात. म्हणजे मामाही थोडे बरोबर. माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

रविवार होता, गॅरेजं बंद. मी बाहेर आले तर मामांनी जॅक लावलाही होता.

“ह्यांनी दिवाळीत मिक्सर खोललावता,” मामी दारातून आईला म्हणाल्या. “आजून खलबत्त्यात कुटून राहिले मी.”

“मिक्सर येगळा, गाडी येगळी,” मामा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “काय मॅडम, इंग्लिशमधी काय लिवलंय?”

मी मोबाइल खाली केला. “काही नाही, असंच.”

चाक निघालं. मी नट ताटलीत धरून बसले. मामांनी पॅड काढले, जुन्या ब्रशनं धूळ झाडली, मग पॉलिश पेपरनं पॅडचा चकतीला घासणारा भाग हलकेच घासला. हे सगळं मी वाचलं होतं तसंच होतं. पॅडही फोटोतल्या चांगल्या पॅडइतके जाड दिसत होते. उगीच शंका घेतली, असं वाटून मला जरा लाज वाटली.

मग त्यांनी आपल्या दोस्ताला फोन लावला, गॅरेजवाल्याला. फोन स्पीकरवर होता.

“ब्रेक ऑइल बग,” पलीकडून आवाज आला. “कमी असंल तर टाक.”

“हाव, हाव,” म्हणत मामांनी फोन ठेवला आणि मामींना हाक मारली, “ते शिलाई मशीनचं तेल आण गं.”

मी गोंधळून आईकडे पाहिलं. आई मामांकडे बघत होती.

“दाराची कडी करकरली तर काय करताव आपण?” मामा तिला समजावत होते. “तेलच सोडताव की.”

मी वाचलं होतं की ब्रेकला तेल लागू द्यायचं नाही. पण गॅरेजवाला स्वतःच ऑइल टाक म्हणाला होता, मी कानांनी ऐकलं होतं. शिवाय त्याच पानावर पॅडच्या पाठीला थोडं ग्रीस लावा, असंही होतं. मग तेल चालतं की नाही? पाठीला चालतं आणि पोटाला नाही, असं कसं? इंग्रजी नीट समजलं नसेल का मला?

मी उठले आणि बॉनेट उघडलं. का उघडलं, ते तेव्हा सांगता आलं नसतं. कोपऱ्यात पांढुरकी छोटी बाटली होती आणि झाकणावर इंग्रजीत ‘ब्रेक फ्लुइड’. ड्रायव्हिंग शिकवणारे सर याच बाटलीवर बोट ठेवून म्हणाले होते, “हे ब्रेक ऑइल.” मी तेव्हा मान हलवली होती आणि मनात फ्लुइड असं लिहून घेतलं होतं. एकाच वस्तूची दोन नावं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होती, त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती. बाटली दोन रेघांच्या मध्ये भरलेली होती. टाकायचं काहीच नव्हतं.

आवाज कशानं येत होता, ते मला तरीही नक्की कळलं नव्हतं. गॅरेजवाला म्हणाला ते ऑइल म्हणजे हे बाटलीतलं, एवढं एकच कळलं होतं.

मागे मामींनी तेलाची कुपी आणून दिली. मामांनी तिचं टोपण दातांनी काढलं आणि लांब नळी चाकामागच्या चकचकीत चकतीवर धरली. वाक्य माझ्या डोक्यात इंग्रजीत तयार होतं. मराठीत आणताना ते पुस्तकी होणार, मामा हसणार, मामी हसणार, हेही ठाऊक होतं. आईनं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“मामा, थांबा,” मी म्हणाले. “ते ऑइल हे नाही, ते बॉनेटमधल्या बाटलीतलं, आणि ते भरलेलं आहे. हे तेल चकतीला लागलं तर आवाज बंद होईल, पण गाडी थांबणार नाही. आणि माघारी गाडी मीच चालवणार आहे.”