डाव्या चाकाचा नारळ

खरं तर हे कुणाला सांगायचं नाही, असं आजोबांनी मला बजावलंय. मी तशी कमीच बोलते, म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास. पण आमच्या गोठ्यात दर रविवारी इतके किस्से जमतात की शेवटचा सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि शेवटचा सांगायचा तर आधीचेही सांगायला हवेत.

मुळगावच्या आमच्या घरामागे रिकामा गोठा आहे. त्यात आजोबांची काळी गाडी उभी आहे. पप्पांपेक्षा वयाने मोठी! पूर्वी मये गावच्या मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून आमचा गणपती याच गाडीतून यायचा. यंदाही तसाच आणायचा, असं पप्पांनी ठरवलं. आईने एवढंच सांगितलं, "चवथीक हलली तर हलली. नाय तर दुसऱ्या दिवशी भंगारवालो!"

पप्पा बँकेत कारकून आहेत. मदतीला शिवादादा, आमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारा कोल्हापूरकडचा फिटर. आणि खुर्चीवर बसून नुसते बघणारे आजोबा.

*

पहिला आठवडा बॉनेटच उघडेना. तेल घातलं, ठोकलं, शिवादादाने पहार लावली. "आयला, दार हाय का तिजोरी?" शेवटी कर्रकन उघडलं, तर इंजिनावर अकरा अंडी! आमची तांबडी कोंबडी खालून आत शिरत होती आणि आई महिनाभर तिची अंडी शोधत होती.

आईने अंडी पदरात घेतली. "निदान कायतरी भायर इलां त्या गाडीतून!"

*

गंज आंबटाने सुटतो, असं पप्पांनी कुठेतरी वाचलं. त्यांनी गुपचूप सहा बोल्ट स्वयंपाकघरातल्या कोकमाच्या आगळाच्या बरणीत टाकले.

त्याच रविवारी म्हापशाहून मामा जेवायला आला. सोलकढीच्या तीन वाट्या प्याला. "ताये, आज कढी एकदम फर्स्ट क्लास! काय घातलंस?"

"नेहमीचंच," म्हणत आईने चौथ्या वाटीसाठी बरणीत डाव घातला. खण्ण!

बोल्ट मात्र असे चकचकीत निघाले, की पप्पा ते मामालाच दाखवायला घेऊन आले.

*

एक बोल्ट काढताना मोडला. पप्पा शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेले आणि सुट्या भागांच्या पाच दुकानांत फिरले. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्याने तो तुकडा चष्म्याजवळ धरला. "अशे बोल्ट माझ्याकडे होते. सगळे एकाच माणसाने नेले. मुळगावचा."

पप्पा घरी आले. आजोबांनी खाटेखालची पत्र्याची पेटी ओढली. आत तेलकट कागदात गुंडाळलेले बारा बोल्ट!

"बाबा, मग सांगितलंत का नाही?"

"माका कोणी विचारलां?"

*

आता शेवटचा. इंजिन सुरू झालं, पण ब्रेक जाम. चाकं काढल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. उजवीकडची दोन्ही चाकं दुपारभरात निघाली. डावीकडचं मागचं मात्र दोन दिवस हटेना. पान्याला लांब पाइप जोडून शिवादादा त्यावर उभा राहिला, उड्या मारल्या. पाइप वाकला!

मी फडक्याने गंज पुसत होते. नट बसतो त्या प्रत्येक आट्याच्या दांड्याच्या टोकावर बारीक 'L' कोरलेला दिसला. उजवीकडे तो नव्हता. "पप्पा, उलटं फिरवून बघूया?" मी म्हटलं. पण हातोड्याच्या आवाजात माझा आवाज कुठे पोचणार?

सगळे चहाला आत गेले. मी पाना लावला, पाइपावर उभी राहिले, उलट्या बाजूने. कुर्रर्र! चारही नट सुटले. 'L' म्हणजे लेफ्ट, उलटे आटे. म्हणजे दोन दिवस दोघं मिळून ते नट सोडवत नव्हते, आवळत होते!

मागे वळले तर आजोबा खुर्चीवर तसेच.

"तुम्हांला ठाऊक होतं?"

"चाळीस वर्षां मिया चलवलंय ही गाडी."

"मग...?"

"माका कोणी विचारलां?"

इतक्यात पप्पा आणि शिवादादा आले. वाटीत चार नट पाहून उभेच राहिले. मी काही बोलण्याआधी आजोबा शांतपणे म्हणाले, "राखणदाराक गाऱ्हाणां घातलंय मिया. त्याणा काढले."

शिवादादाने चप्पल काढून हात जोडले. संध्याकाळी वेशीवरच्या राखणदार देवाला नारळ फुटला. खोबऱ्याचा मोठा तुकडा आजोबांनी माझ्या हातावर ठेवला. "सांगू नको."

आज डावं पुढचं चाक. पप्पांनी सकाळीच बंपरवर नारळ ठेवलाय, स्वतः गाऱ्हाणं घातलंय. शिवादादाने पान्याला कुंकू लावलंय. चहा संपेपर्यंत गोठ्याकडे कुणी फिरकायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीद आहे. सगळे आत बसलेत, भिंतीकडे बघत. चवथीला तीन दिवस राहिलेत, आणि आई काल मला हळूच म्हणाली की यंदा गणपती बहुतेक गाडीतूनच...

"बाय! खंय गेलंस गो? बेगीन भायर ये, चाय निवता!"

बाहेरून आजोबांची हाक. चहा तर आत आहे, म्हणजे मला आता गुपचूप गोठ्यात, पान्याकडे पळायला हवं.