आधी पाय, मग भिंत

ज्योतीकाकूंचा फोन आला तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये उभी होते. "सुधाकर गेला गं," एवढंच त्या म्हणाल्या. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडताना, हार्ट अटॅक. मी पुढच्या स्टॉपवर उतरले आणि थंडीत तशीच उभी राहिले. डोळ्यांपुढे आले ते काकांचे पांढरे बूट... गॅरेजमध्ये गुलाबी कागदावर वाळत ठेवलेले. या गोष्टीला आता दीड महिना होत आला.

सुधाकरकाका, ज्योतीकाकूंचे यजमान, माझ्या बाबांचे नागपूरचे मित्र. कॉलेजात दोघे एकाच संघटनेत होते, एकाच डब्यातल्या रंगाने भिंती रंगवायचे. मग बाबा चळवळीत पूर्णवेळ राहिले आणि काका कॉम्प्युटरची नोकरी धरून अमेरिकेला गेले. आमच्या घरात पलंगाखाली, कपाटावर, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले तीच मुळी मागण्या वाचून. त्या घरात सुधाकर म्हणजे 'सोडून गेलेला'. तरी मी ओहायोला शिकायला निघाले तेव्हा बाबांनी बॅगेत गुलाबी पत्रकांचा एक गठ्ठा कोंबला. "त्याला दे. वाचणार नाही तो, पण दे."

काकांनी वाचली. ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या त्यांच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, एकेक करून, पेन्सिलने समासात वाद घालत वाचली. आणि वाचून झालेलं पत्रक गॅरेजमध्ये नेऊन त्यावर ओले बूट ठेवले! माझं डोकंच फिरलं.

"काका, हा अपमान आहे."

"कॉम्रेड, वाचून झालंय ना? आणि खरं सांगू, तुझ्या बापाचा कागद पाणी फार छान शोषतो."

बूट ओले व्हायचे कारण हिवाळाभर ते हायस्कूलच्या स्विमिंग मीटमध्ये पंच म्हणून उभे राहायचे. नोकरी सांभाळून, पांढरा शर्ट, पांढरे बूट घालून. मला ते सुखवस्तू उपनगराचे चोचले वाटत. मी तसं तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "शिव्या द्यायच्यात ना? मग बघून दे."

म्हणून मी गेले. क्लोरीनचा वास, दमट गरम हवा, बाकांवर टॉवेल पांघरलेली मुलं आणि घसा फोडून ओरडणारे पालक. काका मध्ये मध्ये येऊन समजावत. दोन शाळा, सहा लेन. एकीला सम लेन, दुसरीला विषम. एकट्याने पोहायच्या शर्यतीत पहिल्याला जितके गुण, त्याहून रिलेत पहिल्या येणाऱ्या चौघांना मिळून जास्त, म्हणून शेवटची रिले अनेकदा सगळा निकाल फिरवते. मीटच्या मध्यावर शर्यती थांबतात आणि डायव्हिंग होतं. मघापर्यंत किंचाळणारा हॉल एकदम गप्प होतो, फळीवर एकटं पोर उभं असतं. प्रत्येक शाळेच्या ठरावीक मुलांचेच गुण धरतात. बाकीची नुसतीच पोहतात, हे ऐकून मी उसळले. "म्हणजे ती मुलं हिशेबातच नाहीत? ही कुठली समता?"

"गुण नाहीत. पण त्यांच्याही लेनला घड्याळ घेऊन माणूस उभा असतो. बघ, तो बघ... शेवटचं पोर आल्याशिवाय कुणी जागचं हलत नाही."

पुढच्या शर्यतीत कुणीतरी हलेल म्हणून मी शेवटचं पोर येईपर्यंत टपून बसले.

काकांचं आवडतं काम रिलेचं. आत येणाऱ्याचा हात भिंतीला लागायच्या आधी पुढच्याचे पाय उडी मारायच्या ठोकळ्यावरून सुटले तर चौघंही बाद. "आधी पाय बघायचे, मग भिंत," ते सांगत. "पाय सुटले की नजर खाली. हात लागलेला दिसला तर ठीक. शंका असली तर फायदा पोराचा." त्यातही एकाच्या शब्दावर कुणाला बाद करत नाहीत. दोन पंच दोन बाजूंनी बघतात. हात वर करायचा नाही, एकमेकांकडे पाहायचं नाही, आपापल्या चिठ्ठीवर खूण करायची. दोघांची खूण एकाच लेनवर आली तरच मुख्य पंच बाद देतो.

त्यांची मुलगी ईशा त्या वर्षी शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. तिच्या शाळेच्या मीटला ते पंच म्हणून कधी जात नसत. पण सीनियर नाइटला, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या मुलांचा आई-वडिलांसोबत फुलं देऊन निरोप होतो त्या संध्याकाळी, एक पंच बर्फात अडकला. दोन्ही कोच म्हणाले, तुम्हीच उभे राहा. काकांनी दोनदा नको म्हटलं, मग हातातली फुलं काकूंकडे दिली आणि उभे राहिले. समोरच्या बाजूला कॅरल होती, पंचाच्या कामातली त्यांची बरीच वर्षांची जोडीदार. शेवटच्या रिलेत ईशा चौथी. तिने उडी घेतली, तिची टीम हातभराने जिंकली, आणि तेवढ्या गुणांवर मीटही.

परतताना गाडीत ईशा अजून ओल्या केसांनी हसत होती. "बाबा, माझा स्टार्ट कसला फास्ट होता ना! क्लीन होता ना?"

काकांनी सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "मी खूण केली होती."

"व्हॉट? तू मला बाद केलंस? युअर ओन किड?"

"मला दिसलं ते मी लिहिलं. कॅरलला दिसलं नसेल. तुम्ही जिंकलात, बेटा. खरंच जिंकलात."

ईशाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

मी मात्र गप्प बसले नाही. घरी पोचताच मी काकांना गॅरेजमध्ये गाठलं. "एक तर तुम्ही चूक आहात नाहीतर कॅरल. तिला दिसलं आणि तिने तुमच्याकडे बघून सोडून दिलं असेल तर? फोन करून विचारा. सत्य काय ते बाहेर यायला नको?"

"नाही विचारायचं," काका बुटांच्या नाड्या सोडत म्हणाले. "ज्या दिवशी आम्ही एकमेकांना विचारू, त्या दिवसापासून आम्ही दोन साक्षीदार उरणार नाही. एकच होऊ."

"आणि ईशा?"

"ती रागावेल. तिचा हक्क आहे."

ती रागावलीच. कॉलेजसाठी पेन्सिल्वेनियाला गेली. फोन आईला करायची, बाबांना 'हाय सांग' म्हणायची. काका पलीकडून "हाय" म्हणायचे आणि भांडी लावायला लागायचे. मला ते भ्याड वाटायचं. एका प्रश्नाने जे मिटलं असतं ते हा माणूस मिटवत का नाही? आमच्या घरी प्रश्न विचारणं हेच मुळी धैर्य मानलं जायचं. न विचारण्यातही ते असू शकतं, हे मला कुठल्याच पत्रकात भेटलं नव्हतं.

आणि मग ते गेले. ईशाचा राग होता तिथेच राहिला.

गेल्या आठवड्यात तिच्या जुन्या शाळेची मोसमातली पहिली मीट होती. काकांसाठी सगळे क्षणभर उभे राहणार होते, म्हणून मी आणि सुट्टीला घरी आलेली ईशा गेलो. काकू नाही आल्या. शेवटची रिले संपल्यावर पांढऱ्या शर्टातली कॅरल आमच्याकडे आली. तिने ईशाला मिठीत घेतलं. तिचे डोळे भरले होते. "हनी, तुझ्या सीनियर नाइटबद्दल मला काहीतरी सांगायचंय. ती रिले..."

हेच तर मला इतके दिवस हवं होतं. ईशाला तर माझ्याहून जास्त हवं असणार... तिचा बाप बरोबर होता की चूक.

ईशाने तिचा हात धरला. "नो, कॅरल. प्लीज. बाबांनी तुला कधी विचारलं नाही ना?"

"नेव्हर. एकदाही नाही."

"मग मलाही नको सांगूस."

कॅरल मान डोलावून ठोकळ्यांकडे परत गेली.

बर्फातून घरी आलो तेव्हा ईशाचे बूट पार भिजले होते. गॅरेजमध्ये काकांचे बूट तिथेच होते, मागच्या मोसमातल्या पत्रकावर. ईशाने एक उचलून पाहिला. पांढरा तळ कागदाच्या रंगाने गुलाबी झाला होता. तिने तो जिथल्या तिथे ठेवला. फळीवर माझ्या बाबांच्या गठ्ठ्यातली थोडी पत्रकं उरली होती; त्यातलं एक काढून तिने शेजारी पसरलं आणि स्वतःचे ओले बूट हातात धरून थांबली.

"बाबा आधी वाचायचे, ना?"

"हो. नेहमी."

"मला मराठी इतकं फास्ट येत नाही, ताई. तू वाच."

मी खाली बसले आणि मोठ्याने पहिल्या मागणीपासून वाचायला लागले. शेवटची मागणी संपेपर्यंत ईशा बूट हातात धरून उभी होती.