लेझरला लावलेलं कुंकू

आमच्या घराण्यात शेवटची तलवार पणजोबांनी चालवली. आता आम्ही झेरॉक्सचं मशीन चालवतो.

तरी दसऱ्याची शस्त्रपूजा सुटलेली नाही. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या दुकानात बाबा दरवर्षी मशीनच्या झाकणाला कुंकू लावतात, झेंडू वाहतात. त्या एकाच मशीनवर घर चालतं. त्या वर्षी मात्र मी शिकून बसलो होतो ना! (घरातला पहिलाच पदवीधर. बाबांनी गिऱ्हाइकांनासुद्धा पेढे वाटले होते.)

"बाबा, हे झाकण म्हणजे नुसतं म्यान," मी म्हटलं. "खरं शस्त्र आत आहे. लेझर!"

"आत किधर रे?"

झालं! मी वीज बंद केली, स्क्रू काढले आणि आतला बंद डबा उघडला. मधोमध सहा बाजूंचा एवढासा आरसा.

"हा गरगर फिरतो. लेझरचा किरण याच्यावर आपटून ड्रमवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ ओढतो. ओळीखाली ओळ, असं पान तयार होतं."

बाबांनी हात जोडले. "बापरे! मग याचीच पूजा करायला पाहिजे."

"करा ना!" मी उदारपणे म्हटलं.

"अहो, अक्षता पण वाहा," आई म्हणाली. "सूखं कुंकू बरं नाही दिसत."

अक्षताही वाहिल्या. डबा बंद केला, मशीन सुरू केलं. आरसा मिनिटाला हजारो फेऱ्या मारतो, हे मला पाठ होतं. त्याच्यावरचं कुंकूही त्याच वेगाने कुठेतरी जाणार, हे परीक्षेत कधी आलं नव्हतं! आतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज आला. पहिलं पान पुसट, त्यावर वरून खालपर्यंत पांढरे पट्टे. दुसरं पान आलंच नाही.

"पट्टे का आले, ते मी सांगू शकतो," मी हळूच म्हटलं. "आरशापुढच्या भिंगावर जिथे कुंकू बसलं, तिथे किरण अडला."

"सांगतोस छान," बाबा म्हणाले. बस, एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, आजही वाटतं.

ऐन दिवाळीच्या गर्दीत शटर अर्धं खाली होतं. मिस्त्रीने डबा उघडला, तर लाल धुरळा उडाला.

"पूरा डब्बा बदलना पड़ेगा. भिया, अंदर होली किसने खेली?"

मी तोंड उघडणार, तोच बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बच्चा है भिया. अभी पढ़ रहा है."

मी सव्वीस वर्षांचा होतो. एम.एस्सी. झालेला. विशेष विषय, प्रकाशशास्त्र!