कर्जाला चिकटवलेला विमा

परवा फोनवर तुमच्यापैकी मोठीने सांगितलं, की तिच्या बँकेने गाडीच्या कर्जाला तिला न विचारता विमा जोडला होता आणि तक्रार केल्यावर आता निम्मे पैसे परत द्यायला तयार झाली आहे. "घेऊन मोकळी होऊ का, आजी?" असं तिने विचारलं. मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी आठवल्या. त्यांची गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते.

भोपाळच्या कारखान्याच्या टाऊनशिपमध्ये आमचं क्वार्टर वर, त्यांचं खाली. वहिनी नागपूरकडच्या, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. मी टाऊनशिपच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि त्यांची दोन्ही मुलं माझ्या वर्गातून गेली, म्हणून त्या मला 'बाई' म्हणत. त्यांचे यजमान कारखान्याच्या तपासणी विभागात होते. त्यांना मी भाऊजी म्हणायचे. तयार झालेला भाग मोजायचा, मापात असला तर पुढे सोडायचा, नसला तर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. त्यांनी परत पाठवलेला भाग मोठ्या साहेबांच्या फोननेही पुढे सरकत नसे, असं तुमचे आजोबा सांगायचे. आणि आजोबा काही सहजासहजी कोणाचं कौतुक करणारे नव्हते.

त्या विभागाची एक रीत होती. कागदावर बरोबरची खूण करायची नाही. खूण काय, कोणीही करतं. म्हणून प्रत्येक ओळीपुढे शब्दांत लिहायचं आणि शेजारी आपली आद्याक्षरं घालायची. भाऊजींच्या हाताला हे इतकं बसलं होतं की घरचे फॉर्मही ते तसेच भरत. त्यांच्या धाकट्याचा शाळाप्रवेशाचा फॉर्म माझ्याकडे आला, तेव्हा 'बसची सोय हवी का' यापुढच्या एवढ्याशा चौकोनात त्यांनी 'नाही' लिहून बाजूला आद्याक्षरं केली होती. जागा पुरेना म्हणून अक्षरं मुंगीएवढी. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यावर पोटभर हसलो होतो.

निवृत्तीला चार वर्षं राहिली तेव्हा त्यांनी भोपाळबाहेर मिसरोदला छोटं घर घ्यायचं ठरवलं, कारण निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. कर्ज टाऊनशिपच्या बाजारातल्या शाखेतून काढलं. तीस वर्षं पगार त्याच शाखेत जमा होत होता. आम्ही सगळेच तिला 'आपली बँक' म्हणायचो. तिथे चहा आला आणि पेन्सिलीने फुल्या मारलेला कागदांचा गठ्ठा आला. आपल्याकडे कारखान्यातही तसंच चालायचं. रजा असो, फंड असो, प्रवासभत्ता असो, बाबू फॉर्म भरणार, फुल्या मारणार आणि आपण फुलीवर सही करणार. भाऊजींनी चहा संपायच्या आत सगळ्या सह्या उरकल्या. पोलादाचा दांडा मोजताना केसाएवढा फरक न सोडणारा माणूस, पण आपल्या बँकेचा कागदही तपासायचा असतो हे त्यांच्या मनातच आलं नाही. माझ्याही आलं नसतं.

पुढच्या वर्षी प्राप्तिकरासाठी व्याजाचा दाखला आला आणि तो वहिनींनी वाचला. बिल्डरला गेलेल्या रकमेपेक्षा कर्जाचा आकडा मोठा दिसत होता. त्या थेट शाखेत गेल्या. मी सोबत होते, कारण त्यांना वाटलं, इंग्रजी लागेल. लागलं नाही.

तिथला कर्ज विभागाचा तरुण अधिकारी गोड बोलणारा होता. "आंटीजी, ये लोन का बीमा है. सबका होता है. कल को अंकल को कुछ हो गया तो लोन माफ, घर आपका."

"अंकल को कुछ होने का बाद में देखेंगे," वहिनी म्हणाल्या. "पहले कागद दिखाओ."

कागद मिळायला तीन आठवडे आणि पाच खेपा लागल्या. विम्याच्या फॉर्मवर तब्येतीचे प्रश्न होते. मधुमेह आहे का? रक्तदाब आहे का? दोन्हीपुढे 'नाही'च्या चौकोनात ठसठशीत बरोबरची खूण, आणि तळाशी भाऊजींची सही. तेव्हा भाऊजींना इन्सुलिन सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती.

वहिनी माझ्या स्वयंपाकघरात तो कागद पुढ्यात ठेवून बसल्या. "बाई, म्हणजे उद्या हे गेले, तर विमा कंपनी म्हणणार, माणूस खोटं बोलला, पैसे देत नाही. घर तर जाईलच. वरून गेलेल्या माणसाला खोटारडा म्हणतील."

मी त्यांना इंग्रजीत तक्रार लिहून दिली. चांगली लिहिली होती, असं मला वाटत होतं. त्यांनी ती मराठीतून सांगायला लावली. 'आपण कृपाळू होऊन विचार करावा' इथपर्यंत आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"ह्यात आपण मागतो आहो का सांगतो आहो?"

"विनंती केली की बरं दिसतं, वहिनी."

"विनंती कायले? चूक त्यांची, अन् हात आपण जोडायचे?"

मी पत्र पुन्हा लिहिलं. चार परिच्छेदांची सात वाक्यं झाली. शाळेत इतकी वर्षं मी मुलांना पत्रलेखन शिकवलं, पण त्या सात वाक्यांइतकं सरळ पत्र माझ्या हातून आधी कधी उतरलं नव्हतं.

महिन्याभराने शाखेचं उत्तर आलं. सद्भावना म्हणून विम्याची अर्धी रक्कम परत देऊ. सोबत सहीसाठी एक कागद होता. त्यावर लिहिलं होतं, की ग्राहकाने स्वखुशीने घेतलेला विमा त्याच्याच विनंतीवरून रद्द करण्यात येत असून त्याची काही तक्रार नाही.

खरं सांगते, मी म्हटलं, घेऊन टाका. भाऊजींचंही तेच म्हणणं होतं. पण वहिनी तो कागद घेऊन पुन्हा शाखेत गेल्या आणि 'स्वखुशीने' या शब्दावर बोट ठेवून म्हणाल्या, हे खोटं आहे. तेव्हा त्या गोड बोलणाऱ्या अधिकाऱ्याचा आवाज बदलला. "आंटीजी, डिक्लेरेशन पे साइन तो अंकल की है ना? बात ऊपर जाएगी तो पहले यही पूछेंगे कि झूठ किसने लिखा."

वहिनींनी हे घरी सांगायला नको होतं, असं त्याच नंतर म्हणाल्या. त्या दिवसापासून भाऊजींनी शाखेत पाऊल टाकलं नाही. पैसे काढायचे तर वहिनी जात. बाजारात जायचं तर ते शाखेसमोरचा रस्ता टाळून मागच्या बागेतून वळसा घेत. एकदा जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले, "बाई, हिला समजवा. आयुष्यभर लोकांचं चुकीचं मी परत पाठवलं. आता माझ्याच सहीखाली खोटं निघालंय. ते उघडं करून काय मिळणार?"

मी समजवायला गेले. वहिनींनी ट्रंक उघडून जमिनीवर कागद पसरले होते. गॅसच्या कनेक्शनचा अर्ज, शिधापत्रिकेची प्रत, रजेचे अर्ज, सहकारी सोसायटीचा फॉर्म. आणि टाऊनशिपच्या रुग्णालयाची औषधांची वही, तिच्यात नऊ वर्षांच्या साखरेच्या नोंदी.

"हे बघा बाई," त्या म्हणाल्या. "कुठे एक तरी खूण दिसते का?"

कुठेच नव्हती. सगळीकडे मुंगीएवढं 'होय' नाहीतर 'नाही' आणि शेजारी आद्याक्षरं. विम्याच्या फॉर्मवर मात्र नुसत्या खुणा, त्याही काळ्या शाईच्या, आणि खालची सही निळ्या शाईची. मी ज्या सवयीला हसले होते, ती त्यांनी पुरावा म्हणून मांडली होती. तीसेक वर्षं तो माणूस जवळून पाहिल्याशिवाय हे कोणाला सुचलं असतं? मी शाळेच्या दप्तरखान्यातून त्या जुन्या प्रवेशफॉर्मची प्रत काढून आणली. माझी भर तेवढीच.

बँकेचं विभागीय कार्यालय हबीबगंजच्या बाजूला होतं. तिथल्या अधिकारी बाईंसमोर वहिनींनी अकरा फॉर्म ओळीने मांडले, शेवटी विम्याचा. "मॅडम, ये दस उनके हाथ के हैं. ये ग्यारहवाँ किसके हाथ का है, आप बताओ."

बाईंनी प्रत्येक कागद उचलून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "ये सब आपने सँभालकर रखे?"

"हम कायको फेकेंगे? घर का कागद है."

बाई हसल्या. विम्याची पूर्ण रक्कम परत देऊ म्हणाल्या. मी खुर्चीवरून उठायच्या बेतात होते, पण वहिनी बसून राहिल्या. त्या रकमेवर वर्षभर कर्जाचं व्याज लागलं होतं, ते हवं. आणि बँकेने लिहून द्यावं, की तब्येतीची उत्तरं त्यांच्या यजमानांनी दिलेली नाहीत.

"पैसे की बात अलग है," बाई म्हणाल्या. "ऐसा लिखके बैंक नहीं देता."

"तो पैसा भी अपने पास रखो," वहिनी म्हणाल्या. "मैं बैंकवाले लोकपाल के पास जाती हूँ. अर्जी भरके लाई हूँ." आणि पिशवीतून खरंच भरलेला अर्ज काढून त्यांनी टेबलावर ठेवला. तो मी भरलेला नव्हता. त्यांनी स्वतःच भरला होता, हिंदीत, प्रत्येक उत्तर शब्दांत.

परत येताना रिक्षात मी विचारलं, पूर्ण रक्कम हातची गेली तर? "गेली तर गेली," त्या म्हणाल्या. "ते मागच्या बागेतून फिरतात बाई. ते मला बघवत नाही."

दीड महिन्याने रजिस्टर्ड पत्र आलं. विम्याची पूर्ण रक्कम, व्याज शेवटचे तीन महिने सोडून, आणि एक वाक्य: आरोग्यविषयक उत्तरे शाखेत भरण्यात आली असून ती कर्जदारास विचारण्यात आली नव्हती. एव्हाना मलाच जोर चढला होता. मी म्हटलं, तीन महिन्यांचं व्याज का सोडायचं, लिहू आपण. वहिनींनी मान हलवली. "ते राहू द्या बाई. पाहिजे होतं ते ह्या ओळीत आहे."

भाऊजींनी पत्र वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "पेढे आणू का?"

"तुम्हाला मिळणार नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आता बँकेलासुद्धा माहीत आहे, तुम्हाला साखर आहे."

ते हसले. फार दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात भाजी घेत होते. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात पासबुक घेऊन शाखेच्या पायऱ्या चढताना दिसले. आत पासबुकाच्या खिडकीपुढे मोठी रांग होती. त्यांना ओळखणाऱ्या एकाने त्यांना पुढे बोलावलं, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं आणि ते सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.