आभाराच्या भाषणातला टोला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय, कोण जाणे.

बनारसच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीत एक भाषण होतं आणि शेवटी आभार मी मानते. मी इंग्रजीची शिक्षिका, त्यात जिभेला धार. लोक भाषणापेक्षा माझ्या आभारांची वाट पाहतात — आणि मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी बोलणार होते दामूकाका. मुन्शी घाटाजवळचे आमचे शेजारी, संस्कृतचे पंडित; मला लहानपणी त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या एका फ्रेंच बाईंनी त्यांना 'रेपार्टी' या शब्दाची गोष्ट सांगितली होती. चटकन दिलेल्या चतुर उत्तराला इंग्रजीत म्हणतात तो शब्द. मूळ फ्रेंच, तलवारबाजीतला — समोरच्याने वार केला की लगेच उलटून करायचा तो वार. काका त्यावर इतके खूश, की भाषणात तेच सांगायचं ठरवलं आणि आदल्या दिवशी वही घेऊन आले. "जरा बघ गं, सही लिहिलंय ना?" मी शब्दकोश काढून पाहिला. सगळं बरोबर होतं. तसं त्यांना सांगायचं मात्र मी उद्यावर टाकलं.

आणि मग — कसं सांगू? लोक काकांच्या भाषणावर मनापासून हसत होते, आणि मला ते बघवेना. माइक हातात आल्यावर मी म्हणाले, "मी शब्दकोश पाहिला. काकांची तलवार त्यात कुठेच नाही. रामनगरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात असेल."

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आभारांनंतर कुणी बोलत नाही, ही आमची रीत. काका उत्तर देणार कधी? त्यांनी तर वारही केला नव्हता.

मला वाटलं, रागावतील. सकाळी ते घरी आले. "बरं झालं सुमन, तू सांगितलंस. मी सगळ्यांना गलत सांगत फिरलो असतो." माझ्यासमोर त्यांनी वहीतली ती पानं फाडली. मी हादरले — आजही आठवलं की हादरते. शब्दकोश हाताशी होता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी चहा टाकायला आत गेले.

काका पुन्हा कधी भाषणाला उभे राहिले नाहीत. गेल्या महिन्यात, अंथरुणावर पडल्या पडल्या, त्यांनी मला एका श्लोकाचा अर्थ विचारला. मला! "असाच आहे ना गं? माझा आता भरवसा नाही." मी म्हटलं, असाच आहे. तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटले.