रात्रपाळीची गाडी

जाहिरात मी स्वतःच फोनवर टाकली: जुनी एन्ड्युरो मोटरसायकल, परदेशी बनावटीची, किरकोळ काम आहे. किरकोळ म्हणजे क्लचची केबल तुटायला आलेली, कार्ब्युरेटर साफ करायचा आणि मागचा दिवा बंद. दगडधोंड्यांतून हाणायची ही उंच, काटेरी टायरांची गाडी माझ्या नवऱ्याने खाणीत यंत्रं बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरकडून घेतली होती. सावनेरच्या बाजूला, खाणीच्या खड्ड्यांतून तो ती रोज पळवायचा. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीतच त्याचं हृदय बंद पडलं. सकाळी त्याच्या सोबत्यांनी गाडी आणून अंगणात लावली आणि ते मान खाली घालून उभे राहिले.

माझ्या सासूला, आईंना, तेव्हा सगळं कळलं होतं. पुढे त्यांचं विसरणं सुरू झालं आणि एके दुपारी त्यांनी मला विचारलं, "तो कुठं हाये वं?" मी खरं सांगितलं. त्यांनी ऊर बडवून घेतला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तोच आक्रोश. रामदासपेठेतले डॉक्टर म्हणाले, रोज कशाला सांगता, वेळ मारून न्या. मग मी अंगणातल्या गाडीकडे बोट दाखवून म्हटलं, "गाडी आहे ना, आई? वर झोपलेत. रात्रपाळी होती."

त्या लगेच शांत झाल्या. आमच्या घरात हे सहज खपलं, कारण लग्न झाल्यापासून मी हेच पाहत आले होते: अंगणात गाडी दिसली की तो वर झोपलेला, आणि दिवसा कोणी आवाज करायचा नाही. तो असताना मी या नियमाला वैतागायची. आता आई कुकरची तिसरी शिट्टी होऊ देईनात, भाजीवाल्याला खुणेनेच हाकलू लागल्या. मिक्सर लावणं बंद झालं, मी चटणी पाट्यावर वाटू लागले. सुरुवातीला याची गंमत वाटायची. मग एकदा मी गच्चीवरच्या वाळवलेल्या मिरच्या घेऊन उतरताना त्याच्या खोलीचं दार, कडी वाजू नये म्हणून, पदराने धरून लोटलं. दोन पायऱ्या उतरल्यावर आपण काय केलं ते लक्षात आलं. खोलीत कोणी नाही हे मला ठाऊक होतं, तरी मागे वळून बघायचा धीर झाला नाही. त्याच संध्याकाळी जाहिरात टाकली.

रविवारी दुपारी एक तरुण आला. विमानतळाजवळच्या मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचं काम करतो म्हणाला. उकिडवा बसून त्याने केबल पाहिली, चेन हलवून पाहिली. मी कुजबुजत बोलत होते, म्हणून तोही कुजबुजायला लागला. त्याने किकवर पाय ठेवला तशा ओट्यावर बसलेल्या आई हळूच म्हणाल्या, "येथं चालू नोको करू गा. पोरगा झोपून राह्यला वर."

तरुणाने वरच्या खिडकीकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मला म्हणाला, "साहेबांना विचारलं ना तुम्ही? मागून कटकट नको."

"विचारलं," मी म्हणाले.

खोटं बोलल्यासारखं मला वाटलंसुद्धा नाही. कागद आधीच माझ्या नावावर करून घेतले होते, व्यवहार झाला, मी किल्ली दिली. त्याने गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेली आणि तिथे किक मारत राहिला. शेवटी ती खोकत खोकत सुरू झाली आणि फटफटाट साऱ्या गल्लीत भरला. आई उठून उभ्या राहिल्या. "उठला. गेला ड्युटीवर," म्हणाल्या, आणि आत जाऊन टीव्ही मोठ्याने लावला. मला हसूही आलं आणि रडूही. संध्याकाळी मी मिक्सर लावला, भांडी आपटत घासली. किती दिवसांनी झोपही गाढ लागली.

सकाळी उठून पाहते तर आई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून फाटकाला धरून उभ्या. रात्रपाळी सकाळी सुटते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झोपलेल्या माणसाची कोणी वाट पाहत नाही, गाडी घेऊन गेलेल्याची पाहतात. मी चहा नेला, तो त्यांनी घेतला नाही. अंगणात ऊन आलं. गल्लीतून एखादी फटफटी गेली की त्यांची मान वळायची. माझीही वळायची.

"काहून नाही आला अजून?" त्या म्हणाल्या. "तुले काही समजलं का वं?"

वेळ मारून न्यायला आता अंगणात काही उरलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला आणि सांगितलं, की ते गेले, दोन वर्षं झाली. त्या कोसळतील या भीतीने मी त्यांना घट्ट धरून उभी होते. त्या रडल्या नाहीत. माझी कीव आल्यासारख्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"मंग काल गाडी कोण घेऊन गेला?"

मी सांगायला तोंड उघडलं. किल्ली मीच दिली होती, समोर उभी राहून त्याच्याशी बोलले होते. पण काही केल्या मला त्या तरुणाचा चेहरा आठवेना.